नासत नाही म्हणून

जहाज थांबलं की ते सर्वेश कुबलच्या पायांना आधी कळायचं. इंजिनाची थरथर तळपायांतून वर चढत असते. ती अचानक उतरली, की दाढी करताना, जेवताना, असेल तिथे तो थबकायचा. त्या दिवशी सकाळी तो डेकवर एका थंड कंटेनरच्या पंख्याला कान लावून बसला होता. पायाखालची थरथर गेली. त्यानं पाना खाली आपटला, एक सणसणीत शिवी हासडली आणि ब्रिजचे, म्हणजे सुकाणूच्या खोलीचे, जिने चढायला लागला.

ब्रिजवर कॅप्टन दाऊद परकार काचेपाशी हाताची घडी घालून उभे होते. हर्णैचे, समुद्रावरच केस पिकलेले. निवृत्तीआधीचा हा त्यांचा शेवटचा प्रवास होता आणि तो काही केल्या संपत नव्हता.

"परत?" सर्वेशनं विचारलं.

"परत."

"या वेळी काय कारण?"

"रॉटरडॅमला पाऊस आहे म्हणे. पावसात लोक द्राक्षं खात नाहीत. भाव चढेपर्यंत उभे राहा असा हुकूम आलाय." कॅप्टननी पडद्याकडे बोट केलं. त्यावर एकच शब्द होता : थांबा.

'हालिना' न्हावा-शेवाहून निघाली होती तेव्हा तिच्या पोटात आणि पाठीवर नाशिककडची द्राक्षं होती, सांगोल्याची डाळिंबं होती, कोकण किनाऱ्यावरची कोळंबी होती. आधी ती रॉटरडॅमला जाणार होती. वाटेत हॅम्बर्ग ठरलं. मग अमेरिकेचा पूर्व किनारा ठरला, आणि निम्मा अटलांटिक ओलांडल्यावर पुन्हा रॉटरडॅम. आता ती कॅनरी बेटांच्या पश्चिमेला, चारी बाजूंना पाणीच पाणी अशा जागी लाटांवर डुलत उभी होती. सर्वेशचा करार सहा महिन्यांचा होता. त्याची दुसरी दिवाळी जहाजावर झाली होती.

आणि या सगळ्याला कारण एकच. माल नासत नव्हता.

पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत शिकतो, पण ते पूर्ण खरं नाही. पाण्याला गोठायला एक बी लागतं. धुळीचा कण, भांड्याला गेलेला ओरखडा, एखादा धक्का, काहीही. त्या बीभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रांगा लावतात आणि त्या रांगांनाच आपण बर्फ म्हणतो. बी मिळू दिलं नाही, तर पाणी शून्याच्या खूप खालीही पाणीच राहतं. सुप्तशीत तंत्र याच गोष्टीवर उभं होतं. कंटेनरच्या भिंतींतून फळांवर विजेचं क्षेत्र सोडायचं, दर क्षणी त्याची दिशा बदलायची, म्हणजे रेणूंना रांग लावायला उसंतच मिळत नाही. त्याआधी फळांवर एका प्रथिनाची फवारणी करायची. ध्रुवाजवळचे काही मासे ते स्वतःच्या रक्तात बाळगून गोठणाऱ्या समुद्रात मजेत पोहतात. इतकं केलं की द्राक्ष उणे सात अंशांवरही द्राक्षच राहतं. आत बर्फ होत नाही, पेशी फाटत नाहीत, फळाचा श्वास जवळजवळ बंद होतो. पूर्वी दीड-दोन महिन्यांत मान टाकणारा घड आता दोन-दोन वर्षं तसाच राहायचा, देठसुद्धा हिरवा.

जहाजावरचे लोक त्याला 'झोपलेला डबा' म्हणत. ही झोप फार सावध. वीज थोडा वेळ गेली किंवा भलता धक्का बसला, तर कुठल्या तरी एका मण्यात बर्फाचं बी पडायचं आणि तडतड आवाज करत बर्फ खोक्याखोक्यांतून धावत जायचा. पुढे तो वितळला की हातात नुसता लगदा. म्हणून प्रत्येक जहाजावर परवानाधारक सुप्तशीत इंजिनिअर असलाच पाहिजे, असा कायदा झाला होता. बदली माणूस चढल्याशिवाय त्यानं जहाज सोडणं हा गुन्हा होता. असे इंजिनिअर जगात मोजकेच. हालिनावर एकच, वेंगुर्ल्याचा सर्वेश कुबल.

हे यंत्र शोधणाऱ्यांना वाटलं होतं की आता अन्न वाया जायचं थांबेल. ते खरंच थांबलं. पण त्याबरोबर घाईही थांबली. फळं सडतात म्हणून जहाजं पळायची, बंदरं त्यांना पुढे घ्यायची, खलाशी वेळेवर घरी पोचायचे. आता पळायचं कारणच उरलं नाही. द्राक्षं जहाजात असतानाच दहा वेळा विकली जायची. ती घेणाऱ्यांनी ती कधी पाहिलेलीही नसायची. बंदरात जागेचं भाडं लागतं; समुद्र फुकट. भाव पडला की संगणक जहाजाला उभं करायचा.

खाली येऊन सर्वेशनं मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. खलाशांच्या बदल्या बघणाऱ्या रेवतीचा आवाज मऊ होता आणि त्या मऊपणाचाच त्याला आता वीट आला होता.

"सर, तुमची विनंती प्राधान्य यादीत आहे."

"मॅडम, ती मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून प्राधान्य यादीत आहे."

"हो सर. पण बदली इंजिनिअर उपलब्ध झाला तरी जहाज बंदराला लागायला हवं ना. आणि माल खराब होत नाहीये, त्यामुळे जहाजाला तातडीचा दर्जा मिळत नाही."

"माणसं आहेत की जहाजावर!"

"हो सर. तसा रकाना नाहीये सिस्टिममध्ये. मी शेरा टाकते."

"काय शेरा टाकता?"

"की तुम्ही फोन केला होता."

सर्वेशनं फोन ठेवला आणि कपाळ लोखंडी भिंतीला टेकवून उभा राहिला. ओरडायचं तर कोणावर? रेवतीच्या वर कोणी होतं, त्याच्या वर संगणक होता, आणि संगणकाच्या वर रॉटरडॅमचा पाऊस.

दुपारी त्याला बायकोचा, केतकीचा फोन आला. तिकडे वेंगुर्ल्यात खानावळीची रात्रीची गर्दी ओसरल्यावर ती करायची. खानावळ तिचीच होती, तिनं उभी केलेली. माहेर कोल्हापूर, त्यामुळे माशांना हात लावायला आधी घाबरायची. आता बंदरावर लिलावात तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार चालले होते. त्यांनी दोघांचे दोन गर्भ तयार करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवले होते. केव्हाही या, त्या म्हणाल्या होत्या, ते वर्षानुवर्षं नीट राहतात. मग सर्वेशनं एक करार केला. परत येऊन आणखी एक केला. हे जहाज तिसरं.

"मी बाईंकडे जाऊन आले," केतकी म्हणाली. "पुढच्या महिन्यात करायचं ठरवलंय. एकच घेतायत आधी."

"पुढच्या महिन्यात? अगं, पण मी कुठे असेन तेव्हा!"

"तू नसशीलच. ते धरूनच ठरवलंय. मेघनाताई येईल सोबत."

मेघनाताई म्हणजे तिची थोरली बहीण. सर्वेशला राग आला. कोणाचा, ते त्याला धड कळेना. जी फोनवर होती तिच्यावर निघाला.

"इतकी काय घाई आहे? दोन महिने थांबलीस तर बिघडलं काय? तसेही नायट्रोजनमध्येच आहेत ते. कुठे खराब होतायत?"

शब्द बाहेर पडले आणि त्याचे त्यालाच ओळखीचे वाटले. सकाळी हेच कोणीतरी मऊ आवाजात त्याला ऐकवलं होतं.

पलीकडे नळ गळत होता, तो तिनं घट्ट बंद केला.

"खराब मी होतेय, सर्वेश," केतकी म्हणाली. "एकोणचाळीस पूर्ण झाली मला. माझ्या अंगात कोणी वीज सोडून ठेवलेली नाही. गुडघे दुखतात, रात्री झोप लागत नाही, आणि तुझ्याशी बोलायचं म्हटलं की आजकाल मी फोन हातात घेते आणि परत ठेवते. आता थांबणार नाही मी. तू आलास तर ये."

तिनं फोन ठेवला. सर्वेशनं पुन्हा लावला. तिनं घेतला नाही.

जेवणाच्या खोलीत त्या संध्याकाळीही भात, डाळ आणि डब्यातले वाटाणे होते. आचारी इनास घोन्सालवीस वसईचा, हाताला चव असलेला माणूस. पण आता तो ताटं अशी ठेवायचा की जणू कुणाची तरी शिक्षा भोगतोय. तेल आणि शिधा घेऊन एक बोट अधूनमधून यायची. तिच्यावरून भाजी आणि फळं येणं केव्हाच बंद झालं होतं. मागितली, तर कंपनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवायची, कारण गोळ्या टिकतात.

जुसबभाईंनी भाताचा घास तोंडात घातला आणि तो तसाच हातात काढून घेतला. घासाला रक्त लागलं होतं. जुसबभाई जहाजाचे सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम, कच्छकडचे. कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी मूठ मिटली, पण इनासनं पाहिलं होतं.

"हिरड्या," इनास म्हणाला. "तिघांच्या सुटल्यात. गोळ्या येतात त्या निम्म्यांनाही पुरत नाहीत. शेकडो वर्षांपूर्वी खलाशांना व्हायचं तसलं झालंय बघ. आणि कुठे? द्राक्षांनी भरलेल्या जहाजावर. डोक्यावर फळं, पायाखाली फळं, आणि मी ह्यांना वाटाणे वाढतोय." त्यानं डाव भांड्यात आपटला. "मला एक सांग, त्या डब्याला आपण हात लावला तर काय होईल?"

"नोकरी जाईल. खटला होईल."

"ते आपल्याला. जहाजाला काय होईल?"

सर्वेशनं वर पाहिलं. नियम त्याला पाठ होते. परीक्षेला बसताना घोकले होते. जहाजावर एकाही कंटेनरचं सील तुटलं, तर त्याची खबर आपोआप कंपनीला जाते आणि त्या मालाची विक्री रद्द. नुसती त्याची नाही. तपासनीस येऊन पाहीपर्यंत जहाजावरच्या सगळ्याच मालाचे व्यवहार थांबवायचे, कारण जिथे एक डबा उघडला तिथे दुसऱ्याचा काय भरवसा? आणि ही तपासणी जवळच्या बंदरातच व्हायला हवी.

घास घेणं विसरून तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं डेकवरचा, हात पोचेल असा खालच्या रांगेतला एक द्राक्षांचा कंटेनर निवडला. एकदम दार उघडून चालणार नव्हतं. उणे सातावर घडाला नुसता हात लागला असता तरी सगळा डबा तडतडत गोठला असता. त्याला नीट जागं करावं लागणार होतं. वीज चालू ठेवून तापमान शून्याच्या वर हळूहळू चढवायचं, मग वीज टप्प्याटप्प्यानं उतरवायची. या कामाला दीड दिवस लागतो. वर्षभर जे झोपलेलं राहावं म्हणून तो जिवाचं रान करत होता, तेच तो आता आपल्या हातानं उठवत होता. आकडा उणे सहावर आला, उणे पाचावर आला. काम चोख चाललं होतं.

ब्रिजवरच्या पडद्यावरही तो आकडा दिसत होता. कॅप्टन परकार खाली आले तेव्हा उणे दोन झालं होतं.

"कुबल, हा डबा का चढतोय?"

"मी चढवतोय, सर."

"कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच नाही."

कॅप्टनना समजायला क्षणही लागला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "ताबडतोब खाली घे. अजून वेळ गेलेली नाही."

"नाही घेणार, सर. जुसबभाईंच्या तोंडातून रक्त येतंय. तुम्ही कंपनीला किती वेळा कळवलंत?"

"कळवलंय! गोळ्या आल्या ना!" कॅप्टनचा आवाज चिरकला. "तुला वाटतं मला घरी जायचं नाही? माझी नात मला फोनमधला माणूस म्हणते! पण चाळीस वर्षांत मी एक हुकूम मोडलेला नाही. उतरताना माझ्या नावाला डाग नको होता मला, एवढंच मागत होतो. तू माझा शेवटचा प्रवास घालवलास."

"हा प्रवास आहे, सर?" सर्वेश म्हणाला. "आपण हलत तरी आहोत का?"

कॅप्टन हात उगारतील असं त्याला वाटलं. ते मागे फिरले आणि जिना चढून गेले. सर्वेशनं जेवण कंटेनरच्या पॅनलपाशीच घेतलं आणि तिथेच अंग टाकलं, कोणी येऊन आकडा परत खाली ओढू नये म्हणून. कोणी आलं नाही.

उघडायच्या वेळी सकाळचं लख्ख ऊन होतं. डेकवरचे सगळे खलाशी जमले होते. सर्वेशनं मोठ्या कात्रीनं सील कापलं. दाराचे दांडे फिरवले. आतून आधी थंड, बिनवासाची हवा आली आणि मग, हवा निवळल्यावर, द्राक्षांच्या मळ्यात पहाटे येतो तसला गोडसर, ओलसर वास. पुढचे दोघे खलाशी एक पाऊल मागे सरकले.

त्यानं एक खोका ओढून घड उचलला. देठ हिरवागार होता. मण्यांवरची पांढरी धूळसुद्धा तशीच होती. त्यानं पहिला घड जुसबभाईंच्या हातात दिला. त्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि कळवळून डोळे मिटले; उघड्या हिरड्यांना रस झोंबला होता. तरी त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खातच राहिले.

गर्दीच्या मागून वाट काढत कॅप्टन परकार आले. त्यांच्या हातात एक रिकामी बादली होती. ते कोणाकडे न बघता म्हणाले, "इंजिनरूममधल्या पोरांना वर यायला जमत नाही. त्यांच्यासाठी." आणि स्वतः वाकून बादली भरायला लागले.

ब्रिजवर तोपर्यंत घंटा वाजायला लागली होती. विक्री रद्द. व्यवहार स्थगित. सिंगापूरहून, लंडनहून, दुबईहून निरोपांवर निरोप. डाळिंबांचे मालक, कोळंबीचे मालक, कालपर्यंत ज्यांना काही म्हणता काही घाई नव्हती, ते सगळे एकाच वेळी विचारत होते की जहाज बंदराला कधी लागतंय. मग कंपनीचा हुकूम आला : पूर्ण वेगानं लास पाल्मास. इंजिन सुरू झालं. सर्वेशच्या तळपायांना मुंग्या आल्या आणि तो डेकवर बसकण मारून वेड्यासारखा हसत सुटला. इनासनं त्याच्या पाठीवर थापटलं नसतं तर त्याचं हसू कधी थांबलं असतं, कोण जाणे.

लास पाल्मास हे कॅनरी बेटांवरचं स्पेनचं बंदर. तिथे धक्क्यावर तपासनीस होते, कंपनीचा वकील होता, आणि त्यांच्या मागे बॅग घेऊन एक फिलिपिनो बाई उभी होती. जोसेलिन तिचं नाव. सुप्तशीत इंजिनिअर. सर्वेशची बदली.

"इतक्या लवकर कुठून आलात?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"लवकर?" ती म्हणाली. "मी महिनाभर इथेच आहे. त्या समोरच्या हॉटेलात. जहाज कधी येईल हे कोणी सांगतच नव्हतं. मला वाटलं मला विसरले."

सर्वेशनं त्या हॉटेलकडे पाहिलं. चार मजली, पिवळ्या रंगाचं. गच्चीवर कपडे वाळत होते. एवढं सगळं त्याच्या बदलीसाठी इथे तयार होतं, आणि जहाज दीड दिवसाच्या अंतरावर उभं राहून पाऊस थांबायची वाट बघत होतं. कंटेनरांची माहिती त्यानं तिला नीट समजावून दिली, कारण त्यात तिचा काही दोष नव्हता, आणि निघताना फक्त एवढंच म्हणाला, "घरी काही कबूल करून आला असाल, तर आताच फोन करून घ्या."

जबाब, सह्या, पुन्हा जबाब, यांत दोन-अडीच महिने गेले. उघडलेल्या द्राक्षांची भरपाई, हुकूमभंग, व्यवहारातलं नुकसान. हालिना त्याच्याआधी निघून गेली. तिच्यावरून जुसबभाई, इनास आणि आणखी चौघे उतरले होते. कॅप्टन परकार उतरले नाहीत. जहाज पोचतं करून येतो, म्हणाले.

वेंगुर्ल्यात घराच्या पायरीवर त्याला आधी आई भेटली. "इलंस रे बाबा!" म्हणत तिनं त्याचे गाल कुरवाळले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आधी तिका भेट."

केतकी खानावळीच्या मागे मोरीत बसून बांगडे साफ करत होती. दुपारची गर्दी होती. तिनं मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा सुरी चालवली.

"हात धुऊन घे. आठ पानं मांडायची आहेत."

त्यानं पानं मांडली. वाढलं. सोलकढी सांडली. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ती त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली.

"पहिला राहिला नाही," ती म्हणाली. "तू तिकडे जबाब देत होतास तेव्हाच कळलं होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करणार होतास? अजून एक डबा फोडणार होतास?" तिनं ओठ दातांखाली धरला. "ताई होती. पण ती तू नाहीस की रे. घरी येताना गाडीत मला सारखं वाटत होतं, कुणावर तरी ओरडावं. कुणी नव्हतंच ओरडायला."

"आता ओरड."

"आता जीव नाही." सांडलेली सोलकढी पुसत ती म्हणाली, "दुसऱ्याची तारीख सोमवारची आहे. बाई म्हणाल्या पुढच्या महिन्यातही चालेल. मी सोमवार सांगितलाय."

"सोमवारी जाऊ."

रविवारी रेवतीचा फोन आला. आवाज तोच, मऊ. चौकशी समितीसमोर उद्या अकराला मुंबईत हजर राहायचं आहे. निरोप आधीच गेला होता म्हणे, स्पेनच्या पत्त्यावर.

"उद्या नाही जमणार, मॅडम. दोन दिवस पुढे ढकलता येईल?"

"नाही सर. चौकशीची तारीख बदलता येत नाही. तुम्ही आला नाहीत, तर परवाना कायमचा रद्द होईल. मी... सर, तुम्ही याच असं मला वाटतं."

केतकी दारात उभी राहून ऐकत होती. सर्वेशनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं जा म्हटलं असतं, आणि तो कदाचित गेलाही असता.

"मग माझ्याशिवाय होऊ द्या," तो म्हणाला.

मग रेवतीनं एकदम निराळ्या, साध्या आवाजात विचारलं, "सर, एक विचारू? द्राक्षं कशी होती? मी चार वर्षं ह्या मालाचं काम करतेय, एकदाही पाहिलेला नाही."

"गोड होती," सर्वेश म्हणाला. "फार गोड होती."

फोन ठेवल्यावर केतकी चिडली. मला न विचारता परवाना घालवलास, म्हणाली, आता करणार काय आहेस, मासे तरी साफ करता येतात का तुला, सोलकढी तर धड वाढता येत नाही. ती रात्रभर चिडलेली होती आणि सोमवारी पहाटे गाडीत बसतानाही चिडलेलीच होती. सावंतवाडी मागे पडली तरी दोघं भांडत होते. आंबोलीचा घाट चढताना तिनं पहिल्यांदा पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती तोंडाला लावली आणि पुढच्या वळणावर त्याला करकचून ब्रेक दाबावा लागला.

पुढे गाड्यांची रांग होती. वर वळणावर कोबीचा एक ट्रक आडवा बंद पडला होता. मागच्या गाड्यांतले लोक उतरून कठड्यावर बसले होते. कोणी चहाचा थर्मास काढला होता. सर्वेश धावत ट्रकपाशी गेला. ड्रायव्हर टायरपाशी चवड्यांवर बसून मोबाईल बघत होता.

"मेकॅनिक येतोय गडहिंग्लजवरनं," तो म्हणाला. "यायला दुपार होईल. घाई काय न्हाई साहेब, डबा सुप्तशीत आहे. माल उद्या पोचला तरी चालतोय."

सर्वेशच्या डोक्यात सणक गेली. वर्षभर जे ओरडायचं राहून गेलं होतं ते सगळं त्या घाटात बाहेर पडलं. "मला नाही चालत!" तो ओरडला. "उठा! सगळे उठा! माझ्या बायकोला कोल्हापूरला पोचायचंय, आज पोचायचंय! ए भाऊ, तो थर्मास ठेव खाली. ड्रायव्हरदादा, तू गिअर काढ. तुम्ही चौघं मागनं या. मोठे दगड आणा दोन, चाकाला लावायला."

लोक आधी बघत राहिले, मग उठले. इतका आरडाओरडा ऐकून न उठणं कठीण होतं. दहा-बारा जणांनी खांदे लावले. ट्रक करकरला, हातभर सरकला, थांबला, दगड बसले. पुन्हा खांदे, पुन्हा हातभर. डोंगराच्या बाजूला एका गाडीपुरती फट झाली.

सर्वेशनं घाम पुसत मागे पाहिलं. त्याची गाडी रांगेतून बाहेर निघून वर येत होती. गाडी केतकी चालवत होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, मान पुढे काढून, तिनं ती फटीतून घातली; आरसा ट्रकला घासला, कोणीतरी "बाई, हळू!" ओरडलं, तिनं ऐकलं नाही. गाडी पार झाली आणि चढावर थांबून मागे घसरू नये म्हणून तशीच पुढे निघाली.

तो तिच्या मागे धावला. पुढच्या वळणाला त्यानं दार गाठलं, चालत्या गाडीत अंग झोकून दिलं आणि धापा टाकत दार ओढून घेतलं.

"पट्टा लाव," केतकी म्हणाली, आणि गिअर बदलला.